दोनशे तेरावी फ्रेम

सोमवार, १६ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

या वहीची माफी मागतो. मार्चपासून एक ओळ लिहिली नाही. शेवटची नोंद आत्ताच वाचली: 'यापुढे रोज किमान अर्धं पान.' त्यानंतर सात महिने कोरी पानं. कारणं आहेत, पण ती लिहीत बसलो तर आजची नोंद राहील. यापुढे रोज चार ओळी. चार तरी.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणजे खरं काम करायचा दिवस. गुरुवारी आमच्या मोरावियाचे शिल्पकार ओताकार कोवांदांचं प्रदर्शन उघडतंय, मांडणी माझ्याकडे. त्यांची दगडी शिल्पं वरच्या मजल्यावर, आणि खाली त्यांनी नि त्यांच्या पत्नीने केलेल्या बाहुलीपटांतल्या लाकडी बाहुल्या. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फोटो. अशा माणसांबद्दल मला फार आदर आहे. माझाही स्वभाव तोच.

सकाळी शेवटचं टेबल आलं. वर काचेचं झाकण, आत खेड्यातल्या नाचाचा देखावा. बाकावर एक बाई, तिच्यासमोर काळ्या बंडीतला म्हातारा, हातात हॅट. ट्रकमध्ये धक्के बसले असणार, कारण म्हातारा कंबरेतून पुढे कलला होता. आणखी थोडा कलता तर नाकावर पडता. पांढरे हातमोजे घातले, झाकण उघडलं, त्याला सरळ केलं, तळपायाखालचा स्क्रू आवळला. मऊ ब्रशने खांद्यावरची धूळही झटकली. आता ताठ उभा आहे. दहा वर्षांनी तरुण दिसतो.

ब्लाझेनाबाई दारातून बघत होत्या. पोस्टातून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे दालनात राखणीला बसायला लागल्या. खुर्ची, लोकर आणि जीभ घेऊन. म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, नवरदेव सजवताय होय?

मी डॉक्टर नाही. प्रबंध अर्धा राहिला. त्यांची ही चूक दुरुस्त करायची असं नऊ वर्षं ठरवतोय.

शुक्रवार, २० ऑक्टोबर. सकाळी ७

काल उद्घाटन. लिहिणं आवश्यक आहे म्हणून लिहितोय.

गर्दी छान. लाकडी फरशीसाठी बुटांवरून नमद्याच्या सपाता चढवायला लावतो. नगराध्यक्ष दोनदा घसरले. मग यार्मिलाबाई बोलायला उभ्या राहिल्या. ओताकारच्या पत्नी. वय एकोणऐंशी, अंगात नवऱ्याचा कोट. बाहुल्या हलवायचा ओताकार, कॅमेरा यार्मिलाबाईंचा.

त्या म्हणाल्या, मे ब्याण्णवमध्ये आम्ही नाचाचा प्रसंग घेत होतो. म्हातारा चाळीस वर्षांनी आपल्या जुन्या मैत्रिणीला नाचायला बोलवतो. तिच्यापुढे वाकतो. ओताकारने त्याला दोनशे बाराव्या फ्रेमपर्यंत वाकवला, मी बटण दाबलं, ओताकार म्हणाला, चहा टाक, आलोच सिगारेट ओढून. अंगणातल्या बाकावर सापडला. पुढच्या महिन्यात स्टुडिओही बंद झाला. टेबल होतं तसं उचलून मी गॅरेजमध्ये ठेवलं. एकतीस वर्षं त्या म्हाताऱ्याला कुणी हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही. गॅरेजमध्ये शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकते.

लोक हसले. मग त्या म्हणाल्या, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, पंचवीस नोव्हेंबरला, उरलेल्या तीस फ्रेम मी इथेच, तुमच्यासमोर घेणार. ओताकारने जिथे हात काढला तिथे मी हात घालणार. आज मी त्याच्याजवळ जाणार नाही. गेले तर रडेन आणि तुमचं खाणं थंड होईल.

टाळ्या. माझ्या हातात बटाट्याचं सॅलड लावलेला पाव होता. तो मी खाल्ला. का खाल्ला ते सांगता येत नाही.

तोल गेलेला नव्हता तर. वाकत होता.

प्रामाणिकपणे नोंदवतो: 'टेबलाला हात लावू नये' हे संचालिकाबाईंच्या मेलमध्ये होतं. चौदा मुद्द्यांपैकी अकरावा. मी सातव्यापर्यंत वाचली होती. सातव्यात व्याकरणाची चूक होती आणि ती कळवण्यात दुपार गेली.

निश्चय: आज अकरा वाजता यार्मिलाबाईंना फोन करून सगळं सांगायचं.

तोच दिवस, दुपारी १

फोन लागला नाही. एकदा केला. वारंवार फोन करून वृद्ध माणसाला घाबरवणं बरोबर नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर. दुपारी ४

नवा विचार. सांगण्याआधी नुकसान भरून काढलं तर सांगण्यासारखं फार उरणार नाही.

टेबल आलं तेव्हाचे फोटो काढून बघितले. सेहेचाळीस आहेत, मीच काढलेले, अतिशय स्पष्ट. सगळे खोक्याच्या कोपऱ्यांचे. वाहतुकीत खोक्याला इजा झाली तर पुरावा असावा म्हणून. एकात म्हाताऱ्याची हॅट दिसते. बाकी तो हमालाच्या कोपरामागे आहे.

मग आठवणीने वाकवायला बसलो. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक नेला होता. पंधरा अंशांत पोट दुखत असल्यासारखा दिसतो. तीस अंशांत जमिनीवर काहीतरी शोधतोय. बावीस बरं वाटलं, पण थोडं लांब जाऊन बघितलं तर तो त्या बाईचा वास घेत होता. दीड तासाने पुन्हा सरळ उभा केला. सरळपणात निदान काही खोटं नाही.

ब्लाझेनाबाई झाडांना पाणी घालायला आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, काय झालंय हो त्याला? मी समजावलं की बाहुल्यांच्या धातूच्या सांध्यांना अधूनमधून हालचाल द्यावी लागते, सगळ्या चांगल्या संग्रहालयांत देतात. त्या म्हणाल्या, असं? मग माझे गुडघे पण घ्या की यादीत.

मी हसलो. बराच वेळ हसलो.

गुरुवार, २६ ऑक्टोबर. संध्याकाळी ७

आज यार्मिलाबाईंच्या घरी गेलो. सांगायला. जिना चढताना पहिलं वाक्य तयार होतं: 'बाई, एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे.' साधं, कर्तरी नाही, पण खोटंही नाही.

दार उघडताच म्हणाल्या, या या, कुणी तरी आलं बाई एकदाचं. बसवलं. खसखशीचे कोलाचे, घरी भाजलेले गोल गोड पाव, पुढे केले. मी म्हणालो, बाई, एक गोष्ट. त्या म्हणाल्या, आधी खा. खाल्ले, चार. मग त्यांनी आलुबुखाराच्या घरच्या दारूचे दोन छोटे पेले भरले आणि उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. म्हणाल्या, मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी, तेव्हा विचारायचा मान माझा. ओताकारच्या वस्तू तुम्ही ज्या मायेने मांडल्यात ते मी बघितलं. आजपासून अहो-जाहो बंद. मी यार्मिला. तू बोहदान.

नाही कसं म्हणणार? पेले टेकवले, प्यायलो, त्यांनी माझ्या दोन्ही गालांना ओठ लावले. मग म्हणाल्या, हां, बोल बोहदान, काय म्हणत होतास?

मी विचारलं, कोलाचेत लिंबाची साल घालतेस का.

हे समजून घ्यायला हवं. 'अहो' म्हणणाऱ्या बाईंना सांगणं शक्य होतं. तिथे मी एक अधिकारी होतो आणि त्या एक देणगीदार. 'अरे' म्हणाल्यावर दीड मिनिटात कुणाला असं काही सांगणं हा जवळजवळ विश्वासघात झाला असता. मैत्री थोडी मुरू द्यावी.

उरलेले कोलाचे डब्यात घालून दिले. हेदविकाला, माझ्या बायकोला, आवडले. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला स्वतःची कामं काय कमी आहेत.

गुरुवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत, शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन. बाबांच्या थडग्यावरची पानं काढली, फुलदाणी मधोमध केली.

तिथून ओताकारकडे गेलो. स्वतःच कोरलेला दगड आहे, लग्नाच्या वर्षी कोरून ठेवलेला म्हणतात. आजूबाजूला कुणी नव्हतं. हॅट काढून सगळं सांगितलं. हातमोजे, स्क्रू, ब्रश, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर छातीवरून काहीतरी उतरलं. नीट विचार केला तर मूळ अन्याय त्याच्यावरच झाला होता; तिच्यावर नंतर, आणि त्याच्यामार्फत. म्हणजे मुख्य माफी मागून झाली.

परतताना फाटकात यार्मिला भेटली. म्हणाली, बोहदान! तू ओताकारला भेटायला आला होतास? डोळ्यांत पाणी. माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली.

पुन्हा चढलं, जे काही उतरलं होतं ते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर. दुपारी ३

यार्मिला न कळवता आली. पर्समध्ये काडेपेटी, काडेपेटीत फिल्मचा चार बोटं लांब तुकडा. दोनशे बारावी फ्रेम. म्हणाली, जरा सराव म्हणून बघून ठेवते, त्या दिवशी हात कापायला नको. खिडकीशी जाऊन तुकडा उजेडात धरला, भिंग लावलं. मग टेबलाशी गेली. पुन्हा खिडकीशी. असं तीनदा. तिचा कोट माझ्या हातात होता.

म्हणाली, हा सरळ उभा आहे.

ब्लाझेनाबाईंनी आपली खुर्ची पुढे सरकवली. यार्मिला बसली. म्हणाली, एकतीस वर्षं मी शिंकले नाही गं.

संचालिका धावत आल्या. झाकण कुणी उघडलं, कधी उघडलं. यार्मिला म्हणाली, मला कुणाला शिक्षा करायची नाही, मला फक्त कळू दे. असा अंधारात नका ठेवू. संचालिका मला आडनावाने हाक मारून म्हणाल्या, झापलेताल, तुमच्याइतकं काटेकोर इथे कुणी नाही. उद्या सकाळपर्यंत लेखी अहवाल द्या.

हीच ती वेळ होती. मला ते तेव्हाही कळत होतं. पण पाच जण उभे होते, त्यात एक पर्यटक. अशा गोष्टी लेखी झालेल्या बऱ्या. अहवालात सगळं येईल.

बुधवार, ८ नोव्हेंबर

अहवाल दिला. इथे उतरवून ठेवतो, पुढे मला स्वतःला शंका नको म्हणून:

'काचेच्या झाकणाची किल्ली कार्यालयात खिळ्याला असते. ती कोणालाही घेता येते. दालनाची साफसफाई सोमवारी होते. त्या वेळी दालनात कर्मचारी उपस्थित असतात. बाहुलीची स्थिती हेतुपुरस्सर बदलली गेली असेल असे वाटत नाही.'

सहा वेळा वाचला. एक शब्द खोटा नाही.

संचालिकांनी वाचून विचारलं, सोमवारी कोण असतं दालनात? मी म्हणालो, ब्लाझेनाबाई असतात. त्या असतातच.

त्यांनी विचारलं नाही की आणखी कोण.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

ब्लाझेनाबाईंना चौकशी संपेपर्यंत घरी राहायला सांगितलंय. आज सामान न्यायला आल्या. लोकर, गादीचा तुकडा, चहाचा मग. मी जिन्यात होतो. त्या काही बोलतील असं वाटलं. त्यांनी मला कोनमापक घेऊन बघितलेलं आहे.

एवढंच म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, जीवाला जपा. चेहरा अगदी दगडासारखा दिसतोय. वर मांडतील उचलून.

विचार केला तर त्यांना विश्रांतीची गरज होतीच. गुडघे. पेन्शन आहे. उलट मी काही बोललो असतो तर त्यांची बाजू घेतोय असं दिसलं असतं, आणि चौकशी निष्पक्ष राहिली नसती.

दालनात त्यांच्या जागी कुणी नाही. खुर्ची वाकडी होती. हात लावला नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर. दुपारी

संत मार्टिनचा सण. सासूबाईंकडे रिवाजाप्रमाणे भाजलेला हंस, लाल कोबी, नवी वाइन. जेवणाआधी पॅसेजमधल्या तसबिरीपुढे उभा होतो, सवयीने. हेदविका मागून आली आणि म्हणाली, तुला काय झालंय? ती तसबीर वाकडी आहे आणि तू पाच मिनिटं नुसता बघतोयस.

सांगितलं. पॅसेजमध्येच, कोटांच्या मध्ये. सगळं. आधी तिला हसू आलं, बावीस अंशांपर्यंत. ब्लाझेनाबाईंपाशी आल्यावर थांबलं. म्हणाली, एकोणीस वर्षं तू माझ्या आईच्या भिंती सरळ करतोयस, मी कधी काही बोलले नाही. म्हटलं, चालायचंच, माणूस सरळ आहे.

आणि जेवायला आत गेली. हंस कोरडा झाला होता, पण मी दोनदा वाढून घेतला.

निश्चय: सोमवारी.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर. सुट्टी

सोमवारी जमलं नाही. मंगळवारी संचालिका ब्रनोला. बुधवारी मला घसा. खरोखर होता.

यार्मिलाचा फोन आला होता. म्हणाली, तरीही येणार, लोकांना बोलावलंय. पण बोहदान, ओताकारची सुरुवात असती तर शेवट मला जमला असता. मला बटण दाबता येतं रे. वाकवणं त्याचं. तो जिथे ठेवून गेला होता तिथे बोट धरून पुढे जाणार होते मी. मी म्हणालो, मला समजतंय. ती म्हणाली, तुला समजतं म्हणून तर तुला सांगते.

एकट्याने, खोलीत बसून सांगण्याची वेळ आता गेली, हे स्पष्ट आहे. अपराध संग्रहालयात झाला, तो संग्रहालयातच, सर्वांसमोर कबूल करायचा. पंचवीस तारखेला. दिवसभर बसून मसुदा केला. साडेतीन पानं. 'पार्श्वभूमी', 'घटनाक्रम', 'कारणमीमांसा', 'क्षमायाचना'. मोठ्याने वाचला. कारणमीमांसेत माझाच गळा दाटून आला. लोक विसरणार नाहीत.

शनिवार, २५ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

जसं झालं तसं लिहितो.

चाळीस खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. हेदविका चौथ्या रांगेत. यार्मिला राखाडी कामाच्या डगल्यात, शेजारी जुना कॅमेरा तिकाटण्यावर, दोन दिवे. तिने झाकण काढायला सांगितलं. मी काढलं. आणि म्हणालो, थांबा, मला काही सांगायचं आहे.

वाचलं. पार्श्वभूमी संपेपर्यंत लोकांना वाटलं मी परिचय करून देतोय. एकाने टाळीही वाजवली. घटनाक्रमाला कुणाच्या तरी सपाता घसटल्याचा आवाज आला तेवढाच. यार्मिला कॅमेऱ्यावर हात ठेवून ऐकत होती. तिसऱ्या पानावर माझा आवाज गेला. जिथे जायचा ठरला होता तिथे नाही, त्याच्या आधी, 'मी ब्रश घेतला' या अगदी साध्या वाक्यावर. तसंच शेवटपर्यंत वाचलं. मान वर केली.

ती म्हणाली, झालं का, झापलेतालसाहेब? मग जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय त्याच्यावर.

साहेब. आणि व्हा.

बाजूला झालो. लोकांकडे वळून ती म्हणाली, दोनशे बाराव्या फ्रेमला हा वाकलेला आहे, आता ताठ आहे. मी त्याला परत वाकवणार नाही, कारण मला येत नाही, आणि येत असल्याचं नाटक करायचं वय गेलं. कुणीतरी विचारलं, मग पडद्यावर कसं दिसेल? ती म्हणाली, वाकता वाकता एकदम ताठ होईल. कुणी मागून काठी मारल्यासारखा. बाकावरच्या बाईला वाटेल, याने विचार बदलला.

मग तिने बटण दाबलं. एकदाच. तीस फ्रेम घ्यायच्या होत्या. कॅमेऱ्यावर कापड टाकलं, ब्याण्णव सालचा तक्ता काढला, दोनशे बाराच्या पुढे 'ओताकार' लिहिलेलं होतं, त्याखाली पेन्सिलने लिहिलं: '२१३, झापलेताल.' म्हणाली, ज्याने हलवला त्याचं नाव लिहायची आमच्यात पद्धत आहे.

दिवे बंद करायला मीच गेलो. ते माझंच काम.

रविवार, २६ नोव्हेंबर. सकाळी १०

न्याहारीला हेदविकाला म्हणालो की एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. लोकांच्या लक्षातही येणार नाही. ती म्हणाली, तुझ्या येईल.

खरं आहे.

मग म्हणालो, काही झालं तरी काल मी सगळ्यांसमोर काही लपवलं नाही. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, तू अकरा मिनिटं बोललास. मी घड्याळ बघत होते. ब्लाझेनाबाईंचं नाव एकदाही आलं नाही.

मी कोटाच्या खिशातून मसुदा काढला. साडेतीन पानं, ओळीओळीवर बोट ठेवून बघितली. नाही. घटनाक्रम सोळा ऑक्टोबरला सुरू होतो आणि तेवीसला संपतो. अहवाल नाही. 'असतात' नाही. जिना नाही. मी ते वगळलं असं म्हणवत नाही. मला ते लिहायचं सुचलंच नाही. क्षमायाचनेत ओताकार आहेत, यार्मिलाबाई आहेत, संग्रहालय आहे, मोरावियाची कलापरंपरा आहे.

त्या काल आल्या नव्हत्या. घरी राहायला सांगितलं होतं ना. माझ्या सांगण्यावरून.

संचालिकांना फोन केला. म्हणाल्या, आता चौकशीचा प्रश्नच उरला नाही, बाईंना एक पत्र टाकू. मी म्हणालो, पत्र नको, मी स्वतः जातो. आज? मी म्हणालो, आत्ता. त्या म्हणाल्या, जा मग. पत्ता आहे ना तुमच्याकडे?

कोट घालून दारापर्यंत गेलो होतो. परत येऊन ही वही उघडली.

नऊ वर्षं. एकाच मजल्यावर. त्यांच्या तिन्ही नातवंडांचे स्वेटर मी रंगांनी ओळखतो. कुठे राहतात माहीत नाही. फोनच्या यादीत शोधावं म्हटलं, तर कोणत्या नावाखाली शोधणार? ऑफिस आज बंद.

उद्या: ब्लाझेनाबाईंचं आडनाव विचारायचं.